एमडी अ‍ॅनेस्थेशियानंतर आयसीयूचा डॉक्टर व्हायला आयडीसीसीएम करावं की डीएम?

तुम्ही विचारलंय की भाचीचं इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजमधून एमडी अ‍ॅनेस्थेशिया (भूलशास्त्र) संपत आलंय, आता एका वर्षाचं आयडीसीसीएम, म्हणजे क्रिटिकल केअरची (आयसीयूतल्या अत्यवस्थ रुग्णांच्या उपचारांची) पदविका, पुरेल का.

मी आयसीयूत काम करते. माझं स्पष्ट मत: आधी नीट-एसएस, म्हणजे एमडीनंतरच्या सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा, द्यावी. त्यातून क्रिटिकल केअरमधली डीएम किंवा डीआरएनबी ही सुपरस्पेशालिटीची पदवी करता येते. दोन्ही 3 वर्षांचे, दोन्ही सरकारमान्य. पुढे मेडिकल कॉलेजात या विषयाची प्राध्यापकी करायची तर हीच पदवी कामी येते. अ‍ॅनेस्थेशियाप्रमाणे मेडिसिन आणि छातीरोगाच्या एमडींनाही ही वाट खुली आहे.

आयडीसीसीएम ही 1993 साली स्थापन झालेल्या आयएससीसीएम (इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन) या डॉक्टरांच्या संस्थेची पदविका. एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) मान्यता नाही, पण खासगी रुग्णालयांत तिला मान आहे, आणि देशात क्रिटिकल केअरचं शिस्तशीर शिक्षण रुजवलं ते या संस्थेनेच. तेव्हा तिला कमी लेखू नका. डीएम-डीआरएनबीची सीट मिळाली नाही, किंवा घरची जबाबदारी असेल, तर जरूर करावी. युरोपची ईडीआयसी ही क्रिटिकल केअरची पदविकाही आहे, आधी लेखी आणि मग तोंडी परीक्षा. पण ती भारतातल्या डीएमची जागा घेत नाही.

कोर्सच्या नावाआधी युनिट बघा. व्हेंटिलेटरवरचे रुग्ण किती, रात्री वरिष्ठ डॉक्टर वॉर्डात असतात की फोनवर, हे तिथल्या रेसिडेंटलाच विचारायला सांगा. रात्री तीनला रुग्णाचं बीपी कोसळतं तेव्हा शेजारी उभं राहून शिकवणारं माणूस हवं.