जुनं सोनोग्राफी मशीन घ्यायचंय? आधी कागद, मग प्रोब

मॅडम, निवृत्त होणाऱ्या ओळखीच्या डॉक्टरांचं सहा वर्षं वापरलेलं कलर डॉपलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारं) सोनोग्राफी मशीन, दोन प्रोबसह (प्रोब म्हणजे अंगावर फिरवायचा हातातला भाग), साडेचार लाखांत घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी आजवर दोन जुनी मशिनं घेतली. एक नऊ वर्षं झाली तरी चालतंय, दुसऱ्यानं रडवलं.

घासाघीस नंतर. पीसीपीएनडीटी म्हणजे लिंगनिदान बंदीच्या कायद्यात "ओळखीचेच आहेत, टाका गाडीत" चालत नाही. तुमचं सेंटर नोंदलेलं असल्याशिवाय त्यांना ते तुम्हाला विकता येत नाही, आणि लिंगनिदानासाठी वापरणार नाही असं प्रतिज्ञापत्र तुम्ही द्यायचं. नोंदणी आधीपासून असेल तर मशीन बदलण्याच्या किमान 30 दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. मशीनच्या मागच्या पट्टीवरचा सीरियल नंबर त्या डॉक्टरांच्या नोंदणीतल्या नंबराशी स्वतः ताडून बघा. एका आकड्याचा फरक असला तरी पुढे त्रास तुम्हालाच.

आता प्रोब. जुन्या मशीनचा जीव त्यातच असतो. कंपाउंड इमेजिंग (वेगवेगळ्या कोनांतली चित्रं एकत्र करणारी सोय) बंद करा, नाहीतर ते दोष झाकतं. जेल पुसून कोरडा प्रोब हवेत धरा आणि गेन (चित्राचा उजळपणा) वाढवा. स्क्रीनवर वरच्या बाजूला प्रोबच्या आकाराचे समांतर पट्टे दिसतील. त्यांत उभी काळी फट दिसली की तिथले क्रिस्टल (ध्वनिलहरी सोडणारे बारीक तुकडे) गेले समजा. शंका राहिलीच तर थोडं जेल लावून सरळ केलेल्या पेपर क्लिपची तार प्रोबच्या तोंडावर आडवी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकवा. तारेखालची चमक मध्येच विझली तर तिथेच खोट आहे. केबल प्रोबला जिथे जोडलेली असते तिथे वाकवून बघा, चित्र फडफडतं का ते. हे सगळं करायला मशीन थंड असताना जा. तुम्ही पोचायच्या आधीच चालू करून ठेवलेलं असेल तर बंद करायला सांगा.

मला रडवलं ते डॉपलरनं. विकणाऱ्यानं झकास दाखवलं होतं, पण सोळाव्या दिवशी मेनूतून ते गायबच झालं. ऑप्शनची, म्हणजे वेगळ्या घ्यायच्या सॉफ्टवेअर सुविधेची, ट्रायल संपली होती! म्हणून सेटअपमध्ये ऑप्शनची यादी उघडून प्रत्येकासमोर मुदत लिहिलीय का ते वाचा.

सीरियल नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिसला फोन करा. या मॉडेलचे पार्ट मिळतात का, सीएमसी (पार्टसकट दुरुस्तीचा वार्षिक करार) देणार का, आणि त्यात प्रोब धरलाय का? एएमसीत (साध्या वार्षिक देखभाल करारात) सहसा पार्टचे पैसे वेगळे लागतात, आणि प्रोब तर बऱ्याचदा सीएमसीतूनही वगळलेला असतो. कंपनी करारच द्यायला तयार नसेल तर दोन लाखांतही घेऊ नका.

ईसीजी मशीन, तपासणीचं टेबल, फोकस लाइट जुनं खुशाल घ्या. एक्स-रे मात्र सध्या नको, तिथे एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) वेगळं लचांड आहे.

कागद जुळले आणि दोन्ही प्रोब पास झाले तर चार लाखांपासून बोलायला सुरुवात करा. प्रोब हवेत धरल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यांचा फोटो काढून मला पाठवा, बघून सांगतो.