आधी ती वही शोधा

पत्र : माझं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. मुलगी बारावी सायन्सला, अकरावीत ७८ टक्के. कारखान्यासाठी जागा निवडणं आणि आतली मांडणी ठरवणं, यातच तिला करिअर करायचं आहे. मी म्हटलं, जागा एजंट दाखवतो, नकाशा आर्किटेक्ट काढतो, यात इंजिनिअरचं काय काम? दिवाळीच्या सुट्टीत एका फ्लँजच्या (पाइप जोडायच्या लोखंडी चकतीच्या) मागे पावलं मोजत, वहीत टिपत आठ दिवस शॉपमध्ये फिरली. कामगार बघायला लागले, शेवटी मी तिची वही काढून घेतली. तिला कॉम्प्युटरला घालायचं मी ठरवलंय. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत स्वस्तात प्लॉट मिळालाय, पुढच्या वर्षी शॉप तिकडे हलवायचंय. तुम्ही तिला समजवा. – एक वडील, कोल्हापूर

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘वही काढून घेतली’ इथेच अडलो. ७८ टक्क्यांची मला मुळीच काळजी वाटत नाही. सतरा वर्षांची मुलगी सुट्टीतले आठ दिवस कटिंग थंड ठेवणाऱ्या कुलंटच्या वासात उभी राहते, कुणी सांगितलेलं नसताना पावलं मोजते, आणि तिच्या हातातली वही जाते, ती बापाच्या हातून. याची काळजी वाटते. वहीत काय होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. उघडून बघितली नसावी.

मी अंदाज करतो. बहुतेक मशीन शॉपमध्ये लेथ, म्हणजे कातकामाची मशिनं, एका रांगेत, ड्रिलिंग दुसऱ्या कोपऱ्यात आणि इन्स्पेक्शनचं टेबल दाराशी असतं. मशिनं जशी आली तशी जागा मिळेल तिथे बसवलेली. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, ट्रॉलीवरून येतं, लेथवर टर्निंग होतं, ड्रिलिंगला जातं, दुसऱ्या सेटिंगसाठी परत लेथकडे येतं, मग शॉपचं दुसरं टोक गाठतं. प्रत्येक ठिकाणी क्रेटमध्ये पडून राहतं ते वेगळंच. प्रत्यक्ष कटिंग काही मिनिटांचं, बाकी वेळ जॉब, म्हणजे तो भाग, एकतर चालत असतो नाहीतर वाट बघत असतो, आणि त्या चालण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. एक जॉब धरून त्याच्या मागे जायचं, अंतर मोजायचं, वाट कागदावर काढायची, हीच मांडणीच्या अभ्यासाची पहिली पायरी. इंजिनिअरिंग कॉलेजात हे पुढे शिकवतात. तुमच्या मुलीला ते आपणहून सुचलं.

आता ‘जागा एजंट दाखवतो’ याबद्दल. एजंट जमिनीचा भाव सांगतो. त्या जमिनीवर तुमचा माल परवडेल का, हे त्याला ठाऊक नसतं. साखर कारखाना उसाच्या फडाजवळ का असतो? शंभर किलो उसातून साखर निघते साधारण दहा-अकरा किलो, आणि तोडलेला ऊस वाळत गेला की साखरेचा उताराही घटतो. उरलेलं वजन लांबवर वाहून न्यायचं कशाला? शीतपेयाचं उलटं. त्यात बहुतेक पाणीच, म्हणून बाटल्या भरायचा कारखाना गिऱ्हाइकाजवळ हवा. तुमच्याच रेल्वेमार्गावरचं किर्लोस्करवाडी बघा. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला. नुसता निवडुंग होता तिथे. पण केवळ जमीन मिळाली म्हणून कारखाना उभा राहिला नाही. शेजारून रेल्वे जात होती, संस्थानाचा आधार होता आणि लोखंडी नांगराचं गिऱ्हाईक आसपासच्या शेतांतच होतं. तुमचा प्लॉट स्वस्त आहे, चांगलं आहे. पण कास्टिंग कुठून येणार, तयार माल कुठे जाणार, आणि तुमचे जुने ऑपरेटर रोज तिकडे येतील का? पत्रात यातलं एकही अक्षर नाही. म्हणजे तुमची मुलगी ज्या कामाचं नाव घेते, त्याची गरज सगळ्यात आधी तुम्हालाच आहे.

तिला समजवायचं काम मी करणार नाही. तिला एक गोष्ट मात्र सांगतो, कारण तिथे तिचाही गैरसमज असू शकतो. नव्या इंजिनिअरला कारखान्याची जागा कुणी निवडायला देत नाही, तो निर्णय मालक आणि संचालक घेतात. सुरुवातीची वर्षं शॉप फ्लोअरवर स्टॉपवॉच घेऊन उभं राहण्यात जातात. पुढे एखादी लाइन, मग एखादी शेड, आणि खूप नंतर जागेच्या चर्चेत खुर्ची. हे पटत असेल तर मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा इंडस्ट्रियल शाखा घ्यावी. त्यासाठी सीईटी, जेईई आहेतच, आणि पुढे एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेला प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा स्वतंत्र पेपर आहे. पवईची पूर्वीची नीटी ही संस्था, आताची आयआयएम मुंबई, याच विषयावर उभी राहिली. कॉम्प्युटर तिला लागेलच, आज मांडणी आधी पडद्यावर चालवून बघतात. पण ते तिचं हत्यार म्हणून. तुमच्या भीतीपोटी निवडलेली शाखा म्हणून नको.

‘कामगार बघायला लागले’ हे वाक्य मला टोचलं. बघू देत. मालकाची मुलगी जॉबची वाट मोजते आहे, यात लपवण्यासारखं काय आहे? त्यातल्या जुन्या ऑपरेटरला विचारलंत तर कुठली ट्रॉली कुठे अडते, हे तो तिला तुमच्यापेक्षा नेमकं सांगेल.

परीक्षा संपल्यावर, नव्या शेडचा नकाशा आर्किटेक्टकडे देण्याआधी, तिला कागलला घेऊन जा. मशिनांच्या मापाचे पुठ्ठे कापून ती प्लॉटच्या नकाशावर मांडू दे. तुम्ही फक्त विचारा, हे इथे का? उत्तर चुकलं तर पुठ्ठा सरकवायला खर्च येत नाही, फाउंडेशन भरल्यावर येतो.

तोवर ती वही शोधून तिच्या टेबलावर ठेवा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.