डोकं न उघडता मेंदूचा कुठला भाग काय करतो, हे कळतं तरी कसं?

तुम्ही विचारलंय की जिवंत माणसाच्या कवटीत डोकावता येत नाही, मग बोलणं मेंदूत इथे आणि दिसणं तिथे, हे शास्त्रज्ञ ठरवतात कशावरून?

मी डॉक्टर नाही. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून या वाचनाला लागलो. त्यांना "पाणी" म्हणता येईना. तांब्याकडे बोट दाखवायचे, ओठ हलायचे, शब्द काही फुटायचा नाही. एकदा पुतणी शेजारी पाढे म्हणत बसली होती, तर बाबा तिच्याबरोबर "बे दुणे चार, बे त्रिक सहा" करत थेट वीसपर्यंत गेले! स्पीच थेरपिस्टना याचं नवल वाटलं नाही. घोकून पाठ झालेलं म्हणणं आणि मनातलं जुळवून बोलणं, यांच्या वाटा मेंदूत पूर्ण एक नसतात म्हणे.

मेंदूचा अभ्यास बराचसा असाच झालाय, बिघाडावरून. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न नावाचा रुग्ण होता. समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं कळायचं, पण तोंडातून "तां तां" एवढंच निघायचं. १८६१ साली तो वारला. पॉल ब्रोका या सर्जननं त्याचा मेंदू पाहिला, तर डावीकडे, कपाळामागच्या भागात इजा. त्याच वर्षी लेलाँ हा दुसरा रुग्ण मिळाला. त्याला पाचच शब्द यायचे, आणि इजा जवळपास तिथेच. त्या भागाला आजही ब्रोकाचं नाव आहे.

गंमत पुढे आहे. ब्रोकानं ते मेंदू चिरले नाहीत, जपून ठेवले. त्यांच्या एमआरआयचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की इजा ब्रोकाला वरून दिसली त्याहून खूप खोल होती, भागाभागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली. गल्लीतला दिवा गेला की बल्बच उडाला असेल असं नाही, मागे कुठेतरी वायरही तुटलेली असू शकते.

जिवंत माणसावरही तपासण्या होतात. ईईजीत डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून विजेच्या लहरी टिपतात. वेळ मिलिसेकंदापर्यंत कळते, जागा मात्र धूसर. एफएमआरआयचं, म्हणजे मेंदू काम करत असताना काढलेल्या एमआरआयचं, उलटं. जागा बरीच नेमकी, पण ते यंत्र पेशींचं काम थेट बघत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक बघतं, आणि तो काही सेकंद उशिरा दिसतो. पेपरात येणाऱ्या मेंदूच्या चित्रांवरचे लाल-पिवळे ठिपके संगणकानं आकडेमोड करून रंगवलेले असतात, त्यामुळे "प्रेमाचं केंद्र सापडलं" छापाच्या बातम्या मी सोडून देतो.

बाबांना थेरपिस्टनी शब्द चालीवर म्हणायला लावले. आता "पाणी" येतं, थोडं गाण्यासारखं.