तीर्थनच्या ट्राउटसाठी कोणता मिनो घ्यावा?

तुम्ही एप्रिलमध्ये हिमाचलला तीर्थन नदीवर ट्राउटसाठी निघालात, आणि मरळीसाठी घेतलेले 10 सेंटीमीटरचे तरंगते मिनो (छोट्या माशाच्या आकाराची नकली आमिषं) तिथे चालतील का, असं विचारलंय. भाऊ, ते घरीच ठेवा. मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडचा. मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मरळीमागे फिरण्यात लहानपण गेलं, तीर्थनला दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला मीही तेच मिनो नेले आणि दोन दिवस एकही मासा लागला नाही.

आपली मरळ साचलेल्या पाण्यात गवताच्या आडोशाला असते, मिनो वरून गेला तरी उसळी मारून घेते. ट्राउट वाहत्या पाण्यातला. तो दगडाआड, धारेकडे तोंड करून थांबतो आणि धार जे आणेल ते टिपतो. त्या दगडापाशी तुमचा मिनो जेमतेम दोन-तीन सेकंद असतो. तेवढ्यात तो खाली उतरला पाहिजे. म्हणून दुकानात आधी वजन पाहा, रंग मागाहून. 5 सेंटीमीटर लांबीचा, 4 ते 5 ग्रॅमचा, पाकिटावर सिंकिंग, म्हणजे बुडणारा, असं लिहिलेला, असे तीन घ्या. तोंडाखालची पट्टी आखूड हवी. लांब पट्टीचा मिनो खोल जातो आणि उथळ पाण्यात दगडात अडकून बसतो. संथ डोहासाठी त्याच मापाचा एक तरंगता असू द्या. दगड आला की रील थांबवायची, तो आपसूक वर येतो.

सस्पेंडिंग, म्हणजे पाण्यात अधांतरी थांबणारा मिनो घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा. थंड पाणी जड असतं. आपल्या विहिरीत जो जागच्या जागी थांबतो, तो तिथल्या बर्फाच्या पाण्यात हळूहळू वर सरकतो. म्हणून मी गळाच्या दांड्याला शिशाची बारीक तार गुंडाळतो.

निघण्याआधी मिनो नहरेत ओढून पाहा. मी इटियाडोह धरणाच्या नहरेवर पाहतो. धारेविरुद्ध ओढताना तो सरळ, थरथरत यायला हवा. डावीकडे पळत असेल तर दोरी बांधायची कडी पकडीने केसभर उजवीकडे वाकवा, पुन्हा ओढून पाहा. एवढ्याने वाया गेलेला वाटणारा मिनोही सुधारतो.

नदीवर मिनो धारेच्या वरच्या अंगाला फेका आणि पाण्यापेक्षा थोडा वेगाने आणा, मधे मधे मनगटाचा हलका झटका द्या. नितळ पाण्यात रुपेरी किंवा शेवाळी पाठीचा चालतो. बर्फ वितळून पाणी दुधाळ झालं की सोनेरी काढा. रंगाचं याहून जास्त मनावर घेऊ नका.

तीन काट्यांचे गळ मात्र काढाच. मागे एकेरी गळ लावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. ट्राउट पाण्यात परत सोडायचा तर हे लागतंच, आणि हात ओले केल्याशिवाय त्याला धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

मत्स्य विभागाचा परवाना तिथे पोचल्यावर आधी काढा. 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउटची मासेमारी बंद असते, त्यामुळे तुमचा एप्रिल बरोबर आहे. जमलं तर पहिल्या पंधरवड्यातच जा, पुढे ऊन वाढलं की नदी फुगायला लागते.