धावणाऱ्या मुलीचा थकवा: आधी डबा बघा

ताई, तुम्ही पत्रात लिहिलंत: नववीतली धावपटू मुलगी सारखी गळून गेलेली, टायमिंग घसरलेलं, नडगी दुखते, पाळी तीन महिने नाही आणि कोच म्हणतात, ‘वजन कमी कर, दोन राउंड जास्त मार’. ते जास्तीचे राउंड आजच बंद करा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी शाळेत पीटी शिकवतो, अशा मुली दरवर्षी दिसतात. तुम्हीच लिहिलेला तिचा दिवस बघा ना. पहाटे साडेपाचला चहा-बिस्किटावर ग्राउंड, तिथून थेट शाळा, डब्यातल्या दोन पोळ्यांतली एक परत, मग कॉलेज रोडला क्लास, संध्याकाळी पुन्हा प्रॅक्टिस. पोटभर जेवण रात्री साडेनऊला, तेही एकदाच. एवढ्या धावण्याला हे अन्न पुरत नाही. मग शरीर काटकसर करतं आणि पहिली कात्री पाळीला लावतं. इस्ट्रोजेन (पाळीचं संप्रेरक) घटलं की ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात ती कच्ची राहतात. ‘ट्रेनिंग वाढलं की पाळी जातेच’ असं ग्राउंडवर सर्रास ऐकू येतं. ते कानाआड करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. थायरॉइड वगैरे दुसरं काही असेल तर तेही तिथेच कळेल.

नडगी अंगठ्याने दाबत खालपासून वर जा. आतल्या कडेने लांबवर दुखलं तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त धावण्याने नडगीच्या हाडालगत येणारी दुखरी सूज. रुपयाएवढ्या एकाच जागी कळ आली, रात्रीही ठणकलं, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला गेलेल्या बारीक तड्याची, शंका घ्यायची. सुरुवातीला ते एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे नुसत्या ‘एक्स-रे नॉर्मल’वर तिला पळायला सोडू नका.

रक्त तपासताना हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) करायला सांगा. हिमोग्लोबिन 12 च्या वर असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो. फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे कमतरता आहेच. शाळेत लोहाची निळी गोळी मिळते का, आणि मिळाली तर ती पोटात जाते की बेंचखाली, तेही विचारा. (आमच्याकडे झाडताना सापडतात.)

पावडरच्या डब्यांवर पैसे घालवू नका. निघताना केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू. प्रॅक्टिस संपल्या संपल्या खायला वेगळा डबा: दोन उकडलेली अंडी आणि पोळी, किंवा थालीपीठ-दही. जेवणात मटकी, वर लिंबू. चहा जेवणाच्या आगेमागे तासभर नको. या वयाला झोप आठ ते दहा तास लागते, तिला जेमतेम साडेपाच मिळते. क्लास सुटणार नसेल तर सकाळची प्रॅक्टिस आठवड्यातून दोनदा सोडा.

कोचशी वाद घालू नका, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा. वजनाचा विषय मात्र तिच्यासमोर काढायचा नाही, हे स्पष्ट सांगा. घाई कसली? आपल्या नाशिकच्या धावपटू कविता राऊतने 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये 10,000 मीटरचं ब्राँझ घेतलं, तेव्हा ती पंचविशीत होती.