मुलीला मानवी हक्कांचं काम करायचंय आणि घरात पोलिसांची भीती

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, तिला हेट क्राइम म्हणजे द्वेषातून होणारे गुन्हे आणि पोलिसांची जबाबदारी यावर यूएनसारख्या ठिकाणी काम करायचंय, आणि तिचे बाबा म्हणतात पोलिसांच्या वाटेला जायचं नाही, गपचूप बी.एड. कर. तुम्ही मधल्यामधे अडकलाय.

बाबांना सांगा, हे मोर्चे काढायचं काम नाही, यातला बहुतेक वेळ कागदात जातो. ओएससीई म्हणून ५७ देशांची संघटना आहे, तिचं मानवी हक्कांचं ऑफिस वॉर्सात आहे, ते दरवर्षी देशांकडून माहिती घेतं की द्वेषातून झालेले किती गुन्हे पोलिसांनी नोंदवले, किती कोर्टात गेले, किती जणांना शिक्षा झाली, आणि सामाजिक संस्थांनी कळवलेल्या घटना त्याच्या शेजारी वेगळ्या मांडतं. त्या दोन्हीत तफावत दिसली की पोलिसांना विचारता येतं, बाकीच्यांचं काय झालं. भारत त्यात नाही, पण वंशभेदाविरुद्धचा यूएनचा करार आपण १९६८ मधेच मंजूर केलाय, त्यामुळे जिनिव्हातली समिती आपल्यालाही प्रश्न विचारू शकते. छळाविरुद्धच्या करारावर मात्र १९९७ मधे नुसती सही झालीय, मंजुरी नाही, आणि हे माझ्या मनाला खरंच लागतं.

आपल्याकडेपण पोलीस कोठडीत कुणाचा मृत्यू झाला तर २४ तासात एनएचआरसीला, म्हणजे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला, कळवावं लागतं. २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने राज्यात आणि जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण करायला सांगितलंय. नवीन न्याय संहितेत कलम १०३(२) आहे, पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, जन्मस्थान, भाषा असल्या कारणावरून खून केला तर त्यासाठी. त्यात भाषा आहे बघा ताई.

आता मनातलं बोलते. सीमाभागात वाढलेल्या मुलीला यात सगळ्यात अवघड काय जाईल तर आपली बाजू बाजूला ठेवणं. बसवर काळं फासलं, कंडक्टरला मारलं, पोराला मारलं, की घरात आधी विचारतात तो मराठी का कन्नड, आणि मग राग किती यायचा ते ठरतं. मॉनिटरला, म्हणजे अशा घटनांची नोंद ठेवणाऱ्याला, ते चालत नाही, कन्नड कंडक्टरने मार खाल्ला तरी तिने तितक्याच काळजीने तारीख, वेळ, जखम, साक्षीदार, मारताना काय शब्द वापरले ते सगळं लिहायला पाहिजे. आणि कन्नड नुसतं बाजारापुरतं नको, इथल्या एफआयआर कन्नडमधे असतात, त्या तिला स्वतः वाचता आल्या पाहिजेत. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्लिश चारही पक्क्या असलेली मुलगी या कामात फार मोलाची.

शिक्षणाचं म्हणाल तर बी.ए.नंतर तीन वर्षांचं एलएल.बी., बेळगावच्या टिळकवाडीत आर.एल. लॉ कॉलेज आहे, खानापूरहून जाऊन-येऊन होतं. बी.एड. वाईट नाही, पण तिचं मन नसेल तर दोन वर्षं घालवू नका. एनएचआरसीच्या इंटर्नशिप ऑनलाइनपण असतात, त्यातून सुरुवात करा. यूएनच्या ऑफिसातल्या इंटर्नशिपला सहसा पैसे मिळत नाहीत, जिनिव्हाचा खर्च घरातून निघणार नाही, म्हणून आधी चार-पाच वर्षं इथेच वकील किंवा संस्थेबरोबर काम करू दे. धोका नाही असं मी म्हणणार नाही, नवीन असताना पोलीस स्टेशनला एकटीने जायचं नाही, सीनियर वकिलाबरोबरच जायचं, हे बाबांसमोर तिच्याकडून कबूल करून घ्या.

तोवर तिला एक काम द्या. एकाच मारामारीची बातमी कन्नड पेपरात आणि मराठी पेपरात वाचायची, दोन्हीत जे जुळतं तेवढंच एका पानावर लिहायचं, जे जुळत नाही ते दुसऱ्या पानावर. अशी दहा झाली की मला पाठवा, मी बघते.