रोज रस्त्यावर पळतो, 10 किमी आरामात होतात, आता डोंगरात पळायचं आहे. ट्रेल रनिंगची मजा काय आणि त्रास काय?

रस्त्यावर 10 किमी आरामात होतात म्हणताय, म्हणजे दमसास आहे. डोंगरात तो निम्मंच काम भागवेल. मी पुण्यात पळतो, त्यामुळे पुढचं सगळं वेताळ टेकडी, सिंहगड आणि आसपासच्या सह्याद्रीपुरतं समजा.

आधी घड्याळाचं. किलोमीटरला सहा मिनिटं वगैरे हिशेब घरी ठेवून या. आतकरवाडीतून सिंहगडावर जाणारी पायवाट जेमतेम तीनेक किलोमीटरची, पण चढ सुमारे 600 मीटरचा. ती अख्खी पळत चढणारे थोडेच. शर्यतीत नंबर काढणारेसुद्धा खड्या चढाला गुडघ्यांवर हात टेकून झपझप चालतात, त्यात कमीपणा काही नाही. किती किलोमीटर झाले ते बघू नका, 'आज दीड तास' एवढंच ठरवून निघा.

मजा आणि धोका दोन्ही खरे उतारावर. चढताना फार तर धाप लागते, थांबलात की ती बसते. उतरताना मात्र मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करत असतात. हे दुखणं त्या दिवशी फारसं जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरायला गेलात की कळतं. नवखा माणूस घाबरून मागे रेलतो, टाचा रोवतो आणि नेमका घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या, घसरत्या मातीवर, बसतो. वजन किंचित पुढे, पावलं छोटी आणि भराभर, नजर पायाशी न ठेवता तीन-चार पावलं पुढे. हे अंगात मुरायला काही महिने जातात. एकदा जमलं की ऑफिस, हप्ते, काही आठवत नाही, कारण पुढचा दगड पक्का की डुगडुगता हे ठरवण्यातच सगळं डोकं खर्ची पडतं. लोक त्याला ध्यान वगैरे म्हणतात. मला ते सागरगोट्यांच्या जास्त जवळचं वाटतं: विचार पुरा व्हायच्या आत हात हललेला असतो, इथे पाय.

दुसरी गंमत म्हणजे तीच वाट वर्षभरात तीन-चार वेगवेगळ्या वाटा होते. कोरड्या कातळावर बूट असा धरतो की सरळ उतारावरही बिनधास्त पळता येतं. जुलैमध्ये त्याच कातळावर शेवाळ चढतं आणि तिथे चांगल्यातला चांगला बूटही हात टेकतो. त्यापेक्षा चिखल परवडला. सप्टेंबरात तेरडा, सोनकी फुललेली असते, तेव्हा वेग आपोआप कमी होतो. मग गवत वाळतं आणि कुसळं सुरू होतात. मोज्यातून आरपार जातात, घरी येऊन एकेक उपटत बसायचं (मोजे फेकून देणं स्वस्त पडतं). डिसेंबर-जानेवारी सर्वात उत्तम. उन्हाळ्यात मुरूम सुटा होतो, घसारा वाढतो आणि नऊच्या आत खाली आलं नाही तर ऊन सोडत नाही.

वाट चुकण्याची भीती खोटी नाही, खास करून धुक्यात. गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा मळलेल्या वाटेसारख्याच दिसतात आणि झाडोऱ्यात किंवा कड्यापाशी जाऊन संपतात. पळण्याच्या नादात फाटा मागे राहिल्याचं लवकर लक्षात येत नाही. शंका आली की शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत परत फिरा, 'पुढे मिळेल' म्हणून खाली उतरत जाऊ नका. फुरसं हा छोटा विषारी साप दगडांच्या रंगात मिसळून जातो, म्हणून न बघता कपारीत हात घालायचा नाही. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर आरडाओरडा न करता मुकाट्याने पुढे सरका. वाडीवरची कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चालायला लागा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

बूट खोल खाचांच्या तळाचे आणि पुढे अंगठ्याला थोडी मोकळी जागा असलेले घ्या, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. बाकी महागड्या सामानाची घाई नको. दोन तासांना किमान लिटरभर पाणी, थोडं मीठ-साखर, शिट्टी, चार्ज केलेला फोन, आणि कुठल्या वाटेने जातोय हे घरी सांगून ठेवणं एवढं पुरे.

सुरुवात वेताळ टेकडीवर करा. चुकलात तरी कुठेतरी शहरातच उतराल. मग सिंहगड, पण सुट्टीचा दिवस सोडून आणि पहाटे. रविवारी उतारावर माणसं चुकवण्यातच कसब दाखवावं लागतं. वर ताक मिळतं, ते मात्र सोडू नका. कात्रज ते सिंहगड ही रांग त्यानंतर, तीही सोबत घेऊन. टेकड्या किती ते मोजणाऱ्यागणिक बदलतं, पण पाणी आणि सावली नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे. सिंहगड-राजगड-तोरण्याचं वर्षभराने विचारा.